पर्समधली मेथी

सिंधू, आपण दोघांनी संगं केलेलं शेवटचं काम म्हणजे मेथीची जुडी घेतली. बस. लोकं सांगतात, आमच्या मायनं शेवटी हात धरला, आमच्या बापानं शेवटी देवाचं नाव घेतलं. आपण जरीपटक्याच्या बाजारात भाजीवालीपुढं उभं राहून भांडत होतो. तू वाकून जुड्या उलट्यापालट्या करून पाहत होती आन् मी तुझ्या कानाशी म्हणत होतो, "चाल ना वं लवकर, लोकं पाहून राहिले."

लोकं पाहूनच राहिले होते. धुऊन धुऊन विटलेलं पातळ, पायात रबराची चप्पल, आन् कोपरात आपल्या पोरीनं, वंदनानं देलेली ती पर्स. तांबूस चामड्याची, समोर सोनेरी इंग्रजी अक्षरं. गर्दीत कोणाचा धक्का लागू नये म्हणून तू कोपर अंगापासून दूर धरलं होतं, कोंबडी पंख उचलते तसं. भाजीवाली आपल्याले किती वर्षांपासून ओळखते. तिनं तुले वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"लग्नाले चालल्या का काकू, का मेथी घ्यायले?"

"लग्नाची वाट पाहत बसलो तं पर्स बी माह्यासंगं म्हातारी होईन," तू म्हणाली.

आजूबाजूच्या बाया हसल्या. तू बी हसली. मी नाही हसलो. मी तोंड फिरवून टमाट्याच्या ढिगाकडं पाहत राहिलो. तू जुडी घेतली, पर्सची चेन उघडली आन् जुडी आत टाकली. ते मी नीट पाहिलं नाही. वळून पाहिलं तेव्हा चामड्याच्या पर्समधून मेथीचे शेंडे वर आलेले दिसले, तेवढंच.

ऑटोत बसल्यावर मी म्हटलं, "हे काय नाटक आहे? येवढ्या भारी पर्समध्ये कोणी मेथी आणते?"

"तुम्हीच म्हटलं ना जी सकाळी? 'कपाटात ठेवायले घेतली का? ने ना बाजारात.' म्हून नेली."

"मी थट्टेनं म्हटलं."

"मी खरं धरलं."

तुझं असंच होतं. थट्टा समजून बी खरं धरायचं आन् समोरच्याले तोंडावर पाडायचं. मले राग आला. मंग मी ते विचारलं, जे मी सावनेरच्या लग्नापासून पोटात घेऊन फिरून राहिलो होतो. मी म्हटलं, "मंग खरं सांग. इतके वर्ष माह्या हातानं शिवलेल्या थैल्या घेऊन फिरली, ते मन मारून का?"

तू रस्त्याकडं पाहत होती. मंग म्हणाली, "घरी चाला. पाणी पेतो, मंग सांगतो."

घरी आलो. तू पायरीवर बसली, चप्पल काढली, भिंतीले टेकली. पर्स मांडीवर. मी आत गेलो, माठातलं पाणी गिलासात घेतलं, बाहेर आलो. तू डोळे मिटले होते. मले वाटलं, रुसली. मी म्हटलं, "घे. आन् आता सांग."

हे माझं तुझ्यासंगं शेवटचं बोलणं, सिंधू. घे आन् आता सांग.

डॉक्टरनं हार्ट म्हटलं. शेजारच्या बाया आल्या. कोणी तुझ्या मांडीवरून पर्स काढली, कोणी तुझ्या हातात हिरव्या बांगड्या चढवल्या. कपाळभर कुंकू लावलं, हिरवं लुगडं नेसवलं, ओटी भरली. एक म्हणाली, "अहेव गेली. किती नशीबवान." दुसरी म्हणाली, "हो ना बाई, असं मरण मागून भेटत नाही." मी भिंतीपाशी उभा होतो. मले वाटलं, ओरडून सांगावं, का बाप्पा, तुमाले येवढंच हे नशीब पाहिजे असन तं घरी जाऊन नवऱ्याच्या हाताचं पाणी मागा. पण ओरडलो नाही. नवऱ्याआधी जाणारी नशीबवान असते तं मागं राहणाऱ्या नवऱ्याले काय म्हणतात, ते कोणी सांगितलं नाही. त्याले नाव नाही.

वंदना दुपारच्या विमानानं आली. दिवस बुडायच्या आत सगळं झालं.

मले धड लिहिता येत नाही, तुले माहीत आहे, म्हून बोलूनच सांगतो. चौथीतून शाळा सुटली आन् मामानं महाल भागातल्या गल्लीत शिलाई मशीनवर बसवलं. तेव्हापासून कॅनव्हास, रेग्झिन, चेन, पट्टे. लोकांच्या शाळेच्या बॅगा, दुकानदारांच्या थैल्या, बाजाराच्या पिशव्या. जन्म त्यात गेला, डोळे अधू झाले तसं दुकान बंद केलं. मी काही मोठा कारागीर नव्हतो. माझी शिलाई सरळ होती, मजबूत होती, आन् भाव वाजवी होता. बस येवढंच.

थैली उलटी शिवतात आन् शिवून झाल्यावर सुलटी करतात. ते सुलटी करायचं काम तुझं. तू आत हात घालायची, थैली एका झटक्यात पालटायची, मंग लाकडी काडीनं कोपरे बाहेर काढायची. टोकदार, बरोबर. तुझ्यासारखे कोपरे कोणी काढले नाही. मी पोरं ठेवून पाहिले, त्यायच्या हातून कोपरा फाटे, नाही तं गोल राहे. तू बोलत बोलत करत होती. भात किती टाकू, वंदनाची फी कधी भरायची, त्या बाईनं आज काय लुगडं नेसलं होतं. थैल्यांचा ढीग तुझ्या मांडीजवळ वाढत जाय. गिऱ्हाईक पहिले कोपरा पाहते आन् मंग भाव विचारते, हे मले तुझ्यामुळं समजलं. हे मी तुले कधी म्हटलं नाही. आता कोणाले म्हणू?

तुझ्या थैल्या मी उरलेल्या तुकड्यांच्या शिवायचो. दरसाल दिवाळीआधी एक. एका बाजूनं निळा कॅनव्हास, दुसऱ्या बाजूनं कोणाच्या तरी सोफ्याचं फुलंफुलंवालं कापड. चक्कीवर दळण न्यायची वेगळी, भाजीची वेगळी, देवळाची वेगळी. तू घ्यायची, कोपरे पाहायची, "बरी झाली" म्हणायची आन् खुंटीले टांगायची. दरसाल तेच. बरी झाली. मी त्या दोन शब्दांवर खुश राहिलो. आता वाटते, का ते दोन शब्द काय होते? पसंती होती, का टाळणं होतं?

सावनेरचं लग्न आठवते तुले? तुझ्या बहिणीच्या पोरीचं. बहिणीचा नवरा ठेकेदार, घरी पैसा. मांडवात सगळ्या बाया खुर्च्यांवर बसल्या होत्या, मांडीवर पर्सा ठेवून. कोणाच्या पर्सले मोती, कोणाच्या पर्सले साखळी. तुझ्या हातात माझी थैली. त्यात आहेराचं लुगडं होतं, नारळ होता. तू बसली आन् थैली खुर्चीखाली ठेवली. तेवढ्यानं भागलं नाही. पायानं आणखी आत सरकवली. मी समोरच्या रांगेत बसलो होतो. मी पाहिलं. तुले माहीत नव्हतं का मी पाहून राहिलो.

बहीण आली तुझ्याजवळ. म्हणाली, "काय वं सिंधू, नवरा जगाले बॅगा शिवते आन् तुले एक पर्स नाही?"

तू म्हणाली, "मले काय ठेवायचं आहे पर्समध्ये? पैसे तं त्यायच्यापाशी राहतात."

सगळ्या हसल्या. तू मले वाचवलं का स्वतःले, ते मले आजवर समजलं नाही. येताना एसटीत मी विचारणार होतो. तू खिडकीपाशी झोपली. मी नाही विचारलं. मंग घरी आल्यावर बी नाही विचारलं, दुसऱ्या दिवशी बी नाही. असे वर्ष गेले. माणूस म्हणते, आज नाही तं उद्या. उद्या खूप आहेत असं वाटते माणसाले.

मंग वंदनाचा पगार वाढला आन् तिनं ती पर्स आणली. डब्यात डबा, कागदात कागद, त्याच्या आत पांढऱ्या मऊ कापडाची पिशवी, आन् पिशवीत पर्स. मी म्हटलं, कांदा सोलून राहिली का हे? वंदनानं किंमत सांगितली नाही आन् तू मले विचारू देली नाही. पण मले अंदाज होता. आपल्या घरात त्या किमतीची वस्तू एकच होती, ते फ्रिज.

"आई," वंदना म्हणाली, "तू आयुष्यभर बाबांच्या थैल्या वागवल्या. आता एक तरी चांगली वस्तू वापर."

पोरगी मायेनं बोलली, मले माहीत आहे. पण ते वाक्य माझ्यात रेग्झिनले भोक पाडायच्या टोच्यासारखं गेलं. एक तरी चांगली वस्तू. मंग मी जे शिवलं ते काय होतं?

तू म्हणाली, "काहून येवढा खर्च केला वं?" तोंडानं असं, आन् हात तुझा त्या चामड्यावरून फिरून राहिला होता. मी हात पाहत होतो.

वंदना झोपल्यावर नाही, तिच्यासमोरच मी पर्स घेतली आन् आतून उलटी करून पाहिली. दोष काढायलेच बसलो होतो. अस्तर ओढून पाहिलं, टाके पाहिले, कोपरे पाहिले. दोष सापडला नाही. खोटं नाही बोलत. शिलाई एक नंबर होती. तू विचारलं, "कशी आहे?" मी म्हटलं, "बरी आहे." तू माझ्याकडं पाहून हसली. ते दोन शब्द माझे होते, का तुझेच मी तुले परत देले, कोण जाणे.

पर्स कपाटात गेली. ते मऊ पांढरं कापड मात्र तू बाहेर ठेवलं. तुले पर्सपेक्षा ते कापड पसंत पडलं, असं मले तेव्हा वाटलं आन् मी मनातून खुश झालो. तू त्यात दही बांधलं. श्रीखंडासाठी चक्का करायले नळाच्या तोटीले टांगलं. नेमका वंदनाचा फोन आला, चेहरा दिसते तो. तिले मागं ते लटकलेलं दिसलं, त्यावरचं इंग्रजी नाव दिसलं, आन् खालून पाणी टपकताना दिसलं.

"आई! ते पर्स ठेवायचं असतं!"

"पर्स कपाटात आहे. तिले काय थंडी वाजते?"

"अगं, पण त्यात दही?"

"कापड चांगलं आहे वं. मलमलीच्या वर पाणी सोडते. तुह्या कंपनीवाल्याले सांग, का पर्स राहू दे, हे विक."

वंदना डोक्याले हात लावून हसली. मी इकडं हसून हसून खोकलो. ते श्रीखंड मी दोन वाट्या खाल्लं. त्या दिवशी मले वाटलं, जिंकलो. आपली सिंधू काही त्या पर्सवाली नाही.

पण मंग एका दुपारी मी झोपेतून उठलो तं तू कपाटापुढं बसली होती. पर्स काढून मांडीवर घेतली होती. चेन उघडून आत नाक घातलं होतं, चामड्याचा वास घेऊन राहिली होती. लहान पोट्टी नवीन पुस्तकाचा घेते तसा. मी डोळे मिटून पडून राहिलो. तू किती वेळ बसली. मंग हळूच ठेवून कपाट लावलं, आवाज होऊ देला नाही.

तेव्हापासून मी थट्टा सुरू केली. श्रीमंतीण बाई, तुमची पर्स काय म्हणते? कपाटात ठेवायले घेतली का? ने ना बाजारात. रोज काहीतरी. मले तुझ्या तोंडून ऐकायचं होतं. एक तं म्हण का ही पर्स मले पाहिजेच होती, जन्मभर पाहिजे होती, तुमच्या थैल्यांनी मी लाजली. नाही तं म्हण का नाही जी, तुमची थैली ते थैली. कोणतंबी चाललं असतं. खरं सांगतो, कोणतंबी. लोकं समजतात म्हाताऱ्याले गोड ऐकायचं राहते. मले फक्त खरं पाहिजे होतं. चाळीस वर्षांच्या वर ज्या बाईसंगं जेवलो, झोपलो, तिच्या मनात काय होतं येवढं मले माहीत नसावं? मंग मी कोणासंगं राहिलो?

लोकं येतात आन् म्हणतात, आठवणी आहेत ना तुमच्यापाशी. आहेत. पण प्रत्येक आठवण आता दोन बाजूंनी दिसते. तू खुर्चीखाली थैली सरकवली, ते लाजून, का कोणाचा पाय लागू नये म्हणून? तू बरी झाली म्हणाली, ते खुश होऊन, का मी चांगला दिसावा म्हणून? प्रत्येक आठवण उलटी करून पाहतो, सुलटी करून पाहतो. कोपरे काढायले तू नाही.

महाराज आले होते, म्हणाले, आत्मा अमर आहे. असन. मी म्हटलं, महाराज, त्या आत्म्याले माझ्या एका गोष्टीचं उत्तर द्यायचं राहिलं, ते कोणत्या पूजेनं भेटते? ते चहा पेऊन गेले.

आता दुसऱ्या सकाळचं सांगतो, मंग थांबतो. तुले नेल्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ.

उजाडलं होतं. वंदना तुझ्या गादीवर झोपली होती. कोणीतरी पर्स माझ्या शिलाई मशीनवर ठेवली होती. मेथीचे शेंडे बाहेर, मान टाकलेले. मले एकच वाटलं, का आतलं अस्तर खराब होईन, मातीचं, ओलं. शिवणाऱ्याचे हात आहेत, दुसरं काय सुचणार? मी चेन पूर्ण उघडली.

आत माझी थैली होती.

आपली भाजीची जुनी थैली. निळा कॅनव्हास आन् फुलंफुलंवालं सोफ्याचं कापड. तू तिची घडी करून पर्समध्ये ठेवली होती आन् बाजारात मेथी तिच्यात टाकली होती. मी टमाटे पाहत होतो तेव्हा. पर्सचं अस्तर कोरंच्या कोरं.

मी ती थैली हातात घेऊन बसलो. ह्याचा अर्थ काय लावू मी, सिंधू? भारी पर्सले माती लागू नये म्हून माझी थैली आत घातली? का कुठंबी गेली तं माझी थैली सोडून तुझा पाय निघत नव्हता? दोन्ही लागते. दोन्ही लावून पाहिलं. दोन्ही बसते.

आन् मंग थैलीचा धरायचा बंद दिसला. एका बाजूचा बंद माझ्या शिलाईतून उसवला होता. तू तो हातानं शिवला होता. निळा दोरा, वाकडेतिकडे टाके, वर मोठी गाठ. कधी शिवला? मशीन घरात, मशीनवाला घरात, दिवसभर रिकामा बसलेला, आन् तू सुईदोरा घेऊन चोरून शिवत बसली. माझी शिलाई तुटली, हे तू मले सांगितलं नाही. माझे डोळे गेले म्हून? मले वाईट वाटन म्हून? मले वाईट वाटू नये म्हून तू आणखी काय काय शिवून ठेवलं असन, जे मले दिसलंच नाही? माया तं होती. ते मी ओळखतो. पण त्या मायेनंच माझ्या तोंडावर दार लावलं.

हातात कात्री आली होती. वाकडा टाका दिसला का उसवायचा, ही जन्माची सवय. मशीनखाली बंद बी धरला होता. मंग कात्री ठेवून देली.

ताट घेतलं, खाली बसलो आन् मेथी निवडायले लागलो. मेथी तू आणायची आन् मी निवडायची, दुकान बंद झाल्यापासून हेच होतं आपलं. पानं मरगळली होती, पण निघत होती.

वंदना उठून आली. माझ्यापुढं बसली. पर्स उचलून मांडीवर घेतली. मंग म्हणाली, "बाबा, आईला ही आवडली होती का हो? मी फोनवर विचारलं की नुसतं, छान आहे, छान आहे. वापरायची तर नाही कधी. मी उगाच दिली का? खरं सांगा."

मी पोरीच्या तोंडाकडं पाहिलं. माझाच प्रश्न होता तो, दुसऱ्या बाजूनं.

मी म्हटलं, "काल बाजारात नेली होती. कोपर असं दूर धरून चालत होती, कोणाचा धक्का लागू देला नाही. भाजीवालीनं टोमणा मारला तं तिले तिथंच उत्तर देलं. दुपारी कपाट उघडून वास घ्यायची तिचा. मी पाहिलं आहे. लय आवडली होती तुह्या मायले."

"खरंच?"

"खरंच."

आल्यापासून पोरगी रडली नव्हती. तेव्हा रडली. पर्सले पोटाशी धरून, तुझं नाव घेऊन, हुंदके देऊन रडली. मी तिच्या डोक्यावर हात ठेवला, मेथीचा, ओला. तिले तिचं उत्तर भेटलं, सिंधू. द्यायले मी होतो. माझं उत्तर जिच्यापाशी होतं, तिले मी काल हातानं जाळून आलो.

थोड्या वेळानं तिनं डोळे पुसले. ताटाकडं पाहिलं.

"बाबा, सुतक आहे, घरात फोडणी नसते. कोणासाठी निवडता ही?"

मी जुडी पूर्ण निवडली. मंग थैली अंगणात नेऊन झटकली, माती पाडली, आन् परत खुंटीले टांगली. निळा दोरा तसाच राहू देला.